एलिचपूरचा डास आणि विहिरीवरचे झाकण

१/ इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. डोके फिरलेल्या, भान हरपलेल्या माणसासाठी तो वापरतात. हा शब्द मूळचा नाशिकचा. देवळालीच्या लष्करी छावणीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. हाताला काम नसे आणि दिवस सरत नसत. त्यातून येणाऱ्या वेडाला शिपायांनी छावणीचेच नाव देऊन टाकले.

२/ मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा जोडशब्द होता. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. गोऱ्या शिपायाच्या बोलीत हा देशी शब्द शिरला यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकातील छावण्यांच्या इस्पितळांत खाटा अडवून ठेवणाऱ्या आजारांत हिवताप अग्रभागी होता. तो पसरतो कसा हे मात्र शतकाच्या अगदी अखेरीपर्यंत कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. दलदलीतून उठणारी दूषित हवा, एवढेच उत्तर होते.

३/ हा धागा अशाच दुसऱ्या एका छावणीतील डॉक्टरचा आहे. नाव विल्यम ग्लेन लिस्टन. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हा स्कॉटिश संशोधक महाराष्ट्राच्या आरोग्य-इतिहासात दोनदा निर्णायक जागी उभा दिसतो : एकदा डासाच्या संदर्भात, एकदा पिसवेच्या. त्याच्या कारकिर्दीतून एक गोष्ट स्पष्ट होते. सरकारला कीटक ठाऊक नसतो तेव्हा ते माणसावर हात टाकते.

४/ आरंभ १८९७ पासून करावा लागेल. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीचे रंगद्रव्ययुक्त गोळे दिसले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेला तो डास होता. प्रत्येक चाव्यामागे हुसेन खानला एक आणा मिळत असे. हिवताप डासामुळे पसरतो, या सिद्धान्ताचा पाया त्या दिवशी घातला गेला.

५/ रॉस यांनी पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र उलगडले, त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हिवतापाचे वहन ॲनोफिलीस डासाकडून होते हे दाखवले. १८९९ मध्ये रॉस हिंदुस्थान सोडून गेले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाठ्यपुस्तकातील गोष्ट इथे संपते.

६/ खरा पेच मात्र इथूनच सुरू होत होता. 'डास' हे एकवचन फसवे आहे. एकट्या भारतात ॲनोफिलीसच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या मोजक्याच हिवताप पसरवतात. कोणती जात कोणत्या पाण्यात अंडी घालते, दिवसा कुठे बसते, माणसाला चावते की गुराला, हे कळल्याशिवाय रॉस यांच्या शोधाचा गावाला काडीचा उपयोग नव्हता.

७/ या प्रश्नावर काम करणाऱ्यांपैकी एक माणूस वऱ्हाडात होता. एलिचपूर, म्हणजे आजचे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या नावे, पण इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि एलिचपूरलगत लष्कराची छावणी होती. आजचे परतवाडा ते हेच. १९०१ मध्ये लिस्टन यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये एक लेख लिहिला. विषय : एलिचपूरमधील ॲनोफिलीस डासांच्या सवयी, एका वर्षाच्या अनुभवावरून.

८/ लेखाच्या मथळ्यातच पद्धत सांगितली आहे. गाव एक आणि काळ पुरता वर्षभराचा. उन्हाळ्यात डबकी आटतात तेव्हा डास कुठे जातो, पावसात कोणत्या पाण्यात अळ्या वाढतात, थंडीत काय होते, हे ऋतुचक्र पुरे झाल्याशिवाय कळत नाही. प्रयोगशाळेतील एका दिवसाला जे जमते ते निराळे. हे काम रोज सकाळी हातात डाव घेऊन पाण्याच्या कडेला वाकण्याचे आहे.

९/ याच काळात लिस्टन यांनी एलिचपूरच्या डासांपैकी एका नव्या जातीचे वर्णन केले आणि लिव्हरपूलचे हिवताप-संशोधक स्टीफन्स यांच्या नावावरून तिला नाव दिले : ॲनोफिलीस स्टीफेन्सी. सिकंदराबादेत रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आलेला डास बहुधा याच जातीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तो ओळखता येईल असे शास्त्रीय वर्णन मात्र वऱ्हाडातून आले.

१०/ १९०४ मध्ये एस. पी. जेम्स आणि लिस्टन यांनी हिंदुस्थानातील ॲनोफिलीस डासांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टरांना समोरचा डास कोणता हे ओळखण्याचे साधन त्यामुळे मिळाले. अशा ग्रंथांना पारितोषिके मिळत नाहीत. पण त्यांच्यावाचून पुढील एकही मोहीम नीट आखता आली नसती.

११/ डासांच्या सवयींत फरक तो किती? ॲनोफिलीस फ्लुविॲटिलिस डोंगरउताराच्या वाहत्या, स्वच्छ ओहोळांत वाढतो. क्युलिसिफेसीस खेड्यांतला : कालवे, पाझर, नदीपात्रातील डबकी त्याची. स्टीफेन्सी शहरातला : विहीर, हौद, टाकी, कारंजे हे त्याचे घर. पहिल्याला हटवण्याचा उपाय तिसऱ्याला लावला, तर पैसा जातो आणि ताप राहतो.

१२/ असे घडलेही. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०१ पासून डासनिर्मूलनाचा मोठा प्रयोग झाला. डबकी बुजवली, पाण्याचे पाट वळवले. तरी ताप फारसा हटला नाही. तिथल्या कालव्यांचे आणि सभोवतालच्या शेतीचे पाणी या तुटपुंज्या मोहिमेला जुमानणारे नव्हते. अर्धवट साधनांनी केलेला प्रयोग म्हणून रॉस यांनी त्यावर कडाडून टीका केली.

१३/ १९०९ मध्ये सिमल्याला हिवतापावर परिषद भरली. मियाँ मीरच्या अनुभवाची छाया तिच्यावर होती. डासांमागे लागणे खर्चिक आणि निष्फळ, त्यापेक्षा क्विनाइन वाटावे, हा विचार सरकारदरबारी बळावला. एका गावातील अपयशावरून संपूर्ण देशाचा निष्कर्ष काढण्याची ही घाई होती. कोणत्या गावात कोणता डास, हा एलिचपूरचा प्रश्नच इथे गाळला गेला.

१४/ आता कारकिर्दीची दुसरी बाजू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. नाशिक जिल्हाही त्यातून सुटला नाही. देवळालीला लागूनच असलेल्या भगूर गावात १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांचे वडील प्लेगनेच दगावले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

१५/ प्लेग कसा पसरतो हे सरकारला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणून सगळ्याचाच संशय घेतला गेला : घर, कपडा, भांडे, शरीर. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अमर्याद अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. सामान रस्त्यावर आले, माणसे छावण्यांत गेली, बायकांची उघड्यावर तपासणी झाल्याच्या तक्रारी उठल्या.

१६/ २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सिकंदराबादेत रॉस यांना डासातील परजीवी दिसला. मराठी इतिहासलेखनात या दोन तारखा कधी शेजारी ठेवल्या जात नाहीत. ठेवल्या पाहिजेत. एका बाजूला कारण न कळलेल्या रोगाशी माणसे धरून लढणारे सरकार, दुसऱ्या बाजूला कीटकाच्या पोटात कारण शोधणारा माणूस.

१७/ लोकांना मात्र एक गोष्ट ठाऊक होती. 'उंदीर पडले' की गाव सोडायचे. माळावर झोपड्या घालून राहायचे आणि साथ ओसरली की परतायचे. या अनुभवसिद्ध शहाणपणात रोगाचा अर्धा उलगडा होता. सरकारी तपासणीत मात्र त्याला अडाण्यांची भीती यापलीकडे फारसे स्थान मिळाले नाही.

१८/ फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून प्लेग उंदराच्या पिसवेमार्फत पसरतो असे मांडले. हिंदुस्थानच्या प्लेग कमिशनने ते नाकारले. आरोपी समोर उभा असताना त्याला सोडून देण्याचा हा प्रकार होता. पुढची काही वर्षे त्याची किंमत लाखो माणसांनी मोजली.

१९/ लिस्टन तोवर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आले होते. हीच पुढे हाफकिन संस्था झाली आणि काही काळ ते तिचे संचालकही होते. एलिचपूरची सवय त्यांनी सोडली नव्हती. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवा कुठे जातात, हे त्यांना पाहायचे होते. पिसवा गिनीपिगांवर आल्या आणि काही गिनीपिग प्लेगने मेले.

२०/ उंदीर मेलेल्या वस्तीत माणसांच्या अंगावरही त्यांना उंदराच्याच पिसवा आढळल्या. हे निष्कर्ष १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'प्लेग, उंदीर आणि पिसवा' या विषयावरील निबंधात आले. त्याच वर्षी नेमलेल्या संशोधन मंडळात लिस्टन होते. या मंडळाने पिसवेचा सिद्धान्त निर्विवाद केला. प्लेगचे उत्तर निसर्ग-अभ्यासकांच्या नियतकालिकात यावे, हे या माणसाच्या पद्धतीला साजेसेच होते.

२१/ पिसवेची ओळख पटली आणि १८९७ च्या पुण्याचा अर्थच बदलला. उंदीर, धान्याची साठवण आणि घराची बांधणी यांकडे पाहायला हवे होते. शिपाई पाहत होते माणसांच्या काखा आणि जांघा. भांडीकुंडी रस्त्यावर फेकून, कुटुंबे फोडून जे साधायचे होते ते त्या मार्गाने साधणारच नव्हते. लोकांचा अपमान तर झालाच, शिवाय तो वायाही गेला.

२२/ इथे एक सावधगिरी हवी. ज्ञान नव्हते म्हणून रँडशाही घडली, असे म्हणून तिला माफी देता येणार नाही. साम्राज्याला प्रजेच्या घरात शिरण्यात काही वावगे वाटत नव्हते, हे मूळ कारण उरतेच. लिस्टनही त्याच साम्राज्याचे नोकर होते आणि छावणीतील डॉक्टरचे पहिले काम फौज तंदुरुस्त ठेवण्याचे होते. तरीही अज्ञानाने जुलमाला निमित्त पुरवले, हे खरेच.

२३/ कीटक कळल्यावर सरकार कसे वागले, हे पाहण्यासाठी पुन्हा डासाकडे आणि मुंबईकडे यावे लागते. १९०८ च्या सुमारास मुंबई बंदराच्या परिसरात हिवतापाची मोठी साथ होती. नव्या गोदीचे बांधकाम चालू होते; दोष भरावाला, दलदलीला, मजुरांच्या वस्त्यांना दिला जात होता. लिस्टन यांनी साथीचा अभ्यास केला आणि वाहक ओळखला. तो त्यांच्या परिचयाचा होता : एलिचपूरचा स्टीफेन्सी.

२४/ पाठोपाठ डॉ. चार्ल्स बेंटली यांना मुंबईच्या हिवतापाचा तपास सोपवला गेला. त्यांचा अहवाल १९११ मध्ये आला. निष्कर्ष अनेकांना पटण्यासारखा नव्हता. दोष दूरच्या दलदलीचा नव्हता. तो घरांच्या अंगणात, वाड्यांच्या चौकात, गिरण्यांच्या आवारात होता : विहिरी, हौद, टाक्या, कारंजी. डास घाणीत वाढतो हा समज मोडून पडला. हा डास पिण्याच्या पाण्यात वाढत होता.

२५/ उपाय उघड होता : विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका. विहार, तुळशी, तानसा यांचे पाणी नळाने येऊ लागले होते. तेव्हा विहिरींची गरजही पूर्वीइतकी उरली नव्हती. पण विहीर केवळ पाणी देत नाही. पारशी तिथे दिवा लावत, हिंदू स्त्रिया पूजा करत. विधीला लागणाऱ्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडलाच पाहिजे, अशी श्रद्धा होती. हरकतींचा पाऊस पडला.

२६/ या हरकतींचे काय झाले, ही या संपूर्ण कथेतील मोलाची बाब आहे. महापालिकेच्या सेवेतील रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी त्या नुसत्या फायलीत लावल्या नाहीत. लोक विहिरीला इतके का जपतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर पुस्तक लिहिले. पुढे हेच मसानी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले.

२७/ मधले मार्ग निघाले : विहीर बुजवायची नाही, तिच्यावर बारीक जाळीचे झाकण घालायचे, पाणी काढायला झडप ठेवायची. उजेड आत जातो, डास जात नाही. डासाची नेमकी सवय ठाऊक असल्यामुळेच ही तडजोड शक्य झाली. मुंबईच्या महापालिका कायद्यात डासांची पैदास रोखणारी कलमे आहेत आणि त्यांखाली आजही नोटिसा निघतात. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही जागेवर आहे.

२८/ म्हणजे १८९७ चे पुणे आणि १९११ नंतरची मुंबई. सरकार तेच, साम्राज्य तेच, प्रजाही तशीच नाराज. एका ठिकाणी शिपाई माजघरात शिरतो. दुसऱ्या ठिकाणी निरीक्षक विहिरीच्या झाकणापाशी थांबतो आणि वाद झडपेच्या आकारावर येतो. शासनाचे हृदयपरिवर्तन झाले होते, असे मानण्याचे कारण नाही. नेमके ज्ञान हाती आल्यामुळे त्याच्या हाताला मर्यादा पडली, एवढे मात्र म्हणता येते.

२९/ हा धडा टिकला का? १९४० च्या दशकात डीडीटी आले. तेव्हाच्या मुंबई प्रांतातील कारवार आणि धारवाड भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी घरांच्या भिंतींवर फवारणी करून ग्रामीण हिवताप विलक्षण खाली आणला. हे यशही सवयीच्या अभ्यासावर उभे होते : चावल्यानंतर डास घराच्या भिंतीवर विसावतो, हे त्यांना ठाऊक होते.

३०/ १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६१ पर्यंत नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. विजय दृष्टिपथात होता. पण फवारणी होती खेड्यांसाठी. शहरांचा भार स्थानिक संस्थांवर सोडला होता. विहिरी-टाक्यांतला स्टीफेन्सी या मोहिमेच्या नकाशाबाहेर राहिला.

३१/ १९५९ मध्ये क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नसल्याचे आढळले होते. त्यात पैसा आणि दक्षता आटली. शहरांसाठी वेगळी योजना यायला १९७१ उजाडले. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. एकच अस्त्र सर्वत्र चालेल, ही मियाँ मीरनंतरची घाई नव्या रूपात परतली होती. फरक इतकाच की आधी निराशेची घाई होती, आता आत्मविश्वासाची.

३२/ आणि स्टीफेन्सी? त्याने समुद्र ओलांडला. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबुती येथे सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. नंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. आफ्रिकेतील हिवताप मुख्यतः खेड्यांचा मानला जाई. शहरी टाक्यांत वाढणाऱ्या या डासाने ते गणितच बदलले. अचलपुरात प्रथम वर्णिलेला डास आज जागतिक आरोग्य संघटनेची चिंता आहे.

३३/ आता नाशिककडे परतू. आज शहराची मोठी चिंता डेंग्यूची. त्याचा एडिस डास वेगळा, पण स्टीफेन्सीसारखाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. तरी पावसाळ्यात तक्रार होते ती गटारीची, आणि मागणी होते ती धुराच्या गाडीची. गटारीतला डास बहुतांशी क्युलेक्स. तो झोप उडवतो, हत्तीरोग पसरवू शकतो, पण डेंग्यू किंवा हिवताप देत नाही.

३४/ धूर दिसतो, वास येतो, नगरसेवकाचे काम झाल्यासारखे वाटते. पण तो त्या वेळी उडत असलेल्या डासांपुरता. पिंपातील अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून घासण्याचा 'कोरडा दिवस' हे साधे सूत्र. त्याचा फोटो चांगला येत नाही, हीच काय ती त्याची उणीव.

३५/ मात्र इथेच सावध व्हायला हवे. 'नागरिकांनी पाणी साठवू नये' हे वाक्य उच्चारणे सोपे आहे. नळाला पाणी दिवसातून तासभर येत असेल, तर पिंप भरून ठेवणे ही बेपर्वाई ठरत नाही. तो संसार आहे. इमारतीच्या बांधकामावर राहणाऱ्या मजूर कुटुंबाच्या उघड्या पिंपात अळी सापडते. त्याच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात आणि स्लॅबवर साचवलेल्या पाण्यातही सापडते. दंडाची पावती आधी कोणाच्या हातात पडते?

३६/ कीटकाची ओळख पटून शतक उलटले. तरीही दंड पिंपावर आणि धूर गटारीवर, अशी विभागणी असेल, तर आपण १९११ मध्ये पोचलेलो नाही. १८९७ च्या बाजूलाच रेंगाळत आहोत. साथरोग कायदा तोच १८९७ चा होता, २०२० मध्ये तो पुन्हा हाती घेतला गेला. कायदा जुना असण्याला हरकत नाही. त्यामागची नजर जुनी असू नये.

३७/ नवी नजर म्हणजे काय, हे एलिचपूरच्या लेखाने सांगून ठेवले आहे : एक ठिकाण, एक वर्ष, रोजचे निरीक्षण. प्रभागनिहाय कोणत्या पाण्यात कोणती अळी सापडते याची वर्षभराची नोंद. ती ठेवणाऱ्या कीटकतज्ज्ञाची आणि घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याची कायम नेमणूक. त्या नोंदींची फलकावर जाहीर माहिती. जिथे पिंप अटळ आहे तिथे फुकट झाकण, आणि जिथे विहीर किंवा कारंजे आहे तिथे गप्पी मासे.

३८/ हे उपाय स्वस्त आहेत, पण सोपे नाहीत. ते दरवर्षी करावे लागतात आणि यशस्वी झाले तर काहीच घडत नाही. साथ आलीच नाही, याचे श्रेय कोणी मागत नाही. डास पकडून आणणारे, पाण्यात डाव बुडवणारे, उंदीर गोळा करणारे देशी हात तर इतिहासात अनामच राहिले. हुसेन खानसारखे एखादे नाव उरले, तेही रुग्ण म्हणून.

३९/ लिस्टन यांचा पुतळा उभारावा, असे या धाग्याचे म्हणणे नाही. त्यांनी ज्या क्रमाने काम केले तो क्रम मात्र उचलावा. आधी कीटक पाहावा, मग पाणी पाहावे, मग ते पाणी तिथे का साठले ते पाहावे. माणसाचा दोष काढण्याची वेळ त्यानंतर आली, तर यावी. हा क्रम उलटा झाला की काय होते, ते पुण्याने सव्वाशे वर्षांपूर्वी भोगले आहे.

४०/ देवळालीच्या शिपायांनी इंग्रजीला नाशिकचा एक शब्द दिला आणि त्याला मराठीतला ताप जोडला. वऱ्हाडाने जगाला एका डासाची ओळख दिली. शब्द कोशात गेला, डास आफ्रिकेत गेला. इथे उरले ते उघडे पिंप. त्यावर झाकण ठेवणे हे त्या घराचे काम आहेच. पण ते पिंप रोज का भरावे लागते, याचे उत्तर देणे हे महापालिकेचे काम आहे. (समाप्त)